कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर नेताना

भाऊ, क्रेडिट कार्डाची थकलेली बाकी कमी व्याजाच्या दुसऱ्या कार्डावर न्यायचा तुमचा विचार बरोबर आहे, फक्त आधी कागदावर हिशोब मांडा. समजा बाकी ६०,००० आहे आणि जुन्या कार्डाचं व्याज महिन्याला ३.५ टक्के. म्हणजे २,१०० व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,४७८ रुपये. नव्या कार्डावर तेच १.५ टक्क्याने १,०६२ होतात. बाकी नेण्याची प्रोसेसिंग फी २ टक्के असेल तर जीएसटी धरून १,४१६. म्हणजे व्याजात वाचलेल्या पैशातून फी पहिल्याच महिन्यात वसूल. दर आणि फी बँकेकडून लेखी घ्या, फोनवरच्या बोलण्यावर जाऊ नका.

सुरुवातीला लोक इथे चुकतात:

- नव्या कार्डावर किराणा, पेट्रोल सुरू करतात. बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ते कार्ड कपाटात ठेवा.
- पैसे जुन्या कार्डावर जमा होण्याआधीच तिथलं बिल भरणं थांबवतात. व्याज रोज मोजलं जातं, म्हणून पुढच्या बिलातही थोडं येईल. तेही भरा.
- एटीएममधून कार्डाने रोख काढून दुसरं कार्ड भरतात. हे अजिबात नको.

नेलेल्या बाकीचा हप्ता दरमहा येतो, कापूस वा केळीचा पैसा तसा येत नाही. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडचे असाल तर केळीची कटाई नसलेल्या महिन्यातही झेपेल तेवढाच हप्ता घ्या. एक तारीख चुकली तर दंड लागतो, सवलतीचा दरही जाऊ शकतो. ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप जाण्याची सोय, आजच लावा.