गांजाच्या तुऱ्यातलं 'कॅलिक्स' म्हणजे निदलपुंज का?

प्रश्न असा आला आहे: गांजाच्या संकरित वाणांवरचा लेख मराठीत आणताना 'कॅलिक्स-टू-लीफ रेशो'ला 'निदलपुंज-पर्ण गुणोत्तर' म्हटलं तर चालेल का?

निदलपुंज म्हणजे फुलाचं स्वतःचं बाहेरचं आवरण. कोशाप्रमाणे चालेल, पण वनस्पतिशास्त्र शिकलेला वाचक तिथेच अडखळेल. घोळ मुळात इंग्रजीतला आहे. वाण तयार करणारी मंडळी ज्याला कॅलिक्स म्हणतात, तो निदलपुंज नव्हेच. मादी झाडाचा तुरा भिंगाखाली धरला की हिरव्या, फुगीर, थेंबाच्या आकाराच्या पिशव्या एकमेकींना खेटून बसलेल्या दिसतात आणि प्रत्येकीच्या तोंडातून दोन केसाळ तंतू बाहेर आलेले असतात. ते तंतू म्हणजे कुक्षी. पिशवी म्हणजे फुलाला कवेत घेणारं बारकं पान, ब्रॅक्ट. मराठी विश्वकोशात त्याला 'छद' म्हणतात. खरा निदलपुंज त्याच्याही आत, अंडाशयाला बिलगलेला पातळ पापुद्रा. पाकळ्यांचा तर पत्ताच नसतो. राळेच्या ग्रंथी सर्वांत दाट असतात त्या या छदांवर, म्हणून छदं जास्त आणि पानं कमी असलेला तुरा निवडला जातो. शिवाय नंतर पानं कातरत बसण्याचे कष्ट वाचतात, ते वेगळंच.

तेव्हा 'छद-पर्ण गुणोत्तर' लिहा. 'बोलीत कॅलिक्स म्हणतात ते हेच', एवढं एकदा सांगून टाकलं की झालं.

गांजाच्या तुऱ्याला इंग्रजीत 'बड' म्हणतात, त्यासाठी 'कळी' मला पटत नाही, वापरात असली तरी. कळी म्हणजे न उमललेलं एक फूल. इथे फुलांचा अख्खा घोस आहे. 'तुरा' किंवा 'फुलोरा' बरा. गांजा पकडल्याच्या बातम्यांत 'पाने, फुले, बोंडे, काड्या, बिया' अशी ठरलेली माळ असते. त्यातली बोंडं कुठून आली कोण जाणे! बोंड कापसाचं, अफूचं. गांजाचं फळ जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढं आणि आत एकच बी.

त्यापेक्षा 'शेंडे' हा शब्द नेमका. 1985च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं धरलेले शेंडे. शेंड्यांची सोबत नसलेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. नुसत्या पानांची भांग गांजापासून वेगळी पडते ती याच एका शब्दावर.