मूळ प्रत आणि यंत्राचा हात

या वेळच्या पत्रांतील बहुतेक प्रश्न तंत्रज्ञान आणि मनोरंजन यांच्या सीमेवरचे आहेत. चित्रपट असो, गाणे असो की आवाज असो, कलावंताने जे केले तेच आपल्यापर्यंत पोहोचते आहे का, ही शंका त्या सगळ्यांत आहे. म्हणून इतर पत्रे पुढील अंकासाठी ठेवून त्यांतील पाच निवडली आहेत.

आम्ही दिवाळीत ५५ इंची नवा टीव्ही घेतला. त्यावर ‘पिंजरा’ पाहायला बसलो, तर तो चित्रपट वाटेचना. रोजच्या मालिकेचे चित्रीकरण समोर चालले आहे असे वाटू लागले. सासूबाई तर म्हणाल्या, ही प्रतच वेगळी आहे. टीव्हीत काही बिघाड आहे का? (एक वाचक, मुलुंड)

टीव्हीत बिघाड नाही आणि प्रतही वेगळी नसावी. तरीही सासूबाईंना जे जाणवले ते अगदी खरे आहे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने चित्रित होतो, तर आजचा टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा चित्र उमटवतो. हा फरक भरून काढण्यासाठी टीव्हीतील प्रोसेसर दोन चौकटींच्या मधली हालचाल कशी झाली असेल याचा अंदाज बांधतो आणि कॅमेऱ्याने कधीच न टिपलेल्या चौकटी स्वतः तयार करून मध्ये घालतो. त्यामुळे हालचाल तुळतुळीत होते आणि चित्रपटाचा पोत नाहीसा होतो. क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाला ही सोय चालून जाते; पण शांतारामबापूंच्या चित्रपटात जी चौकट त्यांनी घेतलीच नाही ती आपण पाहावी, हे मला मान्य नाही.

टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ही सोय सोनीच्या संचात ‘मोशनफ्लो’, एलजीच्या संचात ‘ट्रूमोशन’ आणि सॅमसंगच्या संचात ‘पिक्चर क्लॅरिटी’ या नावाने असते. ती पूर्ण बंद करावी. काही संचांत ‘फिल्ममेकर मोड’ मिळतो. चित्रपट दिग्दर्शकांच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये तो जाहीर झाला आणि तो निवडला की ही भर आपोआप थांबते. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्तोफर मॅक्वारी यांनी तर केवळ ही सोय बंद करण्याची विनंती करणारी चित्रफीत प्रसिद्ध केली होती. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र उमटवणाऱ्या, पडद्यावर २४ चौकटींचा भाग समान जात नाही, एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दिसते, त्यामुळे कॅमेरा संथपणे फिरताना किंचित हिसका जाणवू शकतो. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक चौकट बरोबर ५ वेळा दिसते आणि ही अडचण उरत नाही.

‘रांझणा’चा शेवट एआयने बदलला तेव्हा सगळ्यांनी नावे ठेवली. ‘शोले’ही वेगळ्या शेवटासह पुन्हा दाखवला, त्याचे मात्र कौतुक झाले. दोन्हीकडे जुन्या चित्रपटाचा शेवट बदलला आणि दोन्हीकडे संगणक वापरला. मग हा दुटप्पीपणा नाही का? (एक वाचक, दादर)

प्रश्न रोखठोक आहे आणि त्याचे उत्तर विस्ताराने द्यायला हवे, कारण येत्या काळात अशी उदाहरणे वाढत जाणार आहेत.

आधी ‘शोले’. १५ ऑगस्ट १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात, तो प्रदर्शित झाला. रमेश सिप्पी यांनी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर गब्बरला स्वतः ठार करतो. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालेना, म्हणून ऐन वेळी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असा शेवट करावा लागला. लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाला ज्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, त्यांनी हा लादलेला शेवटच पाहिला. २०२५ मध्ये मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससह पुनरुज्जीवित केलेली प्रत इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हा दिग्दर्शकाचा पहिला शेवट पडद्यावर परतला. म्हणजे जो शेवट संजीव कुमार आणि अमजद खान यांनी प्रत्यक्ष अभिनय करून दिला होता, तोच पन्नास वर्षांनी लोकांना मोठ्या पडद्यावर दिसला.

‘रांझणा’ची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. २०१३ च्या या चित्रपटात नायक मरतो आणि सारी कथा त्या मृत्यूच्या दिशेने रचलेली आहे. १ ऑगस्ट २०२५ रोजी त्याची ‘अंबिकापती’ ही तमिळ आवृत्ती पुन्हा चित्रपटगृहांत आली तेव्हा एआयच्या साह्याने नायकाला जिवंत ठेवले होते. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी जाहीर विरोध केला आणि नायकाची भूमिका करणारे धनुष यांनीही, या बदलाने चित्रपटाचा आत्माच काढून घेतला, अशा आशयाचे निवेदन केले. डोळे उघडणारा तो चेहरा धनुष यांचा दिसतो, पण तो अभिनय त्यांनी केलेला नाही. हक्कधारक इरॉस कंपनीची बाजू अशी की हा पर्यायी आवृत्तीचा प्रयोग आहे आणि मूळ चित्रपट जागच्या जागी आहे. ही बाजू मी विचारात घेतली, तरी ती मला पटत नाही. चित्रपटाच्या कर्त्यांना न विचारता त्यांच्या नावावर त्यांनी न केलेले काम खपवणे, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

संगणक दोन्हीकडे वापरला, हे तुमचे म्हणणे बरोबर आहे. ‘शोले’चे मूळ कॅमेरा निगेटिव्ह वापरण्याच्या पलीकडे खराब झाले होते. ॲसिटेटच्या फिल्मला उष्णता आणि दमटपणा सोसत नाही. तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटू लागते, डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते आणि वळते. मुंबईच्या हवेत न थंड केलेल्या गोदामात पडलेल्या डब्यांचे हेच होते. अशा वेळी सापडतील तेवढ्या दुय्यम प्रती गोळा करून, त्यांतील उत्तम भाग निवडून, एकेक चौकट स्कॅन करावी लागते आणि ओरखडे, धूळ, उडालेला रंग यांवर संगणकाने काम करावे लागते. ओरखडा पुसतानाही संगणक शेजारच्या चौकटींवरून अंदाज करतोच. पण चांगला तंत्रज्ञ त्या अंदाजाला मर्यादा घालतो: फिल्मचा कण, म्हणजे तिची बारीक दाणेदार झाक, पुसून चेहरे मेणाचे करत नाही आणि मूळ स्कॅन कधीही खोडत नाही, म्हणजे पुढच्या पिढीला अधिक चांगले साधन मिळाले तर तिला पुन्हा सुरुवात करता येते. म्हणून संगणक वापरला का, एवढ्यावर निवाडा करता येत नाही. आधीच केलेले काम शोधायला तो वापरला, की कुणी न केलेले काम निर्माण करायला, हे पाहावे लागते.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कर्त्याला आपल्या कृतीच्या विकृतीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क देते. परंतु त्याच कायद्याच्या व्याख्येनुसार चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नव्हे. कथा-पटकथेचा लेखक आणि संगीतकार आपापल्या कृतीचे कर्ते ठरतात, पण ज्याच्या दृष्टीने चित्रपट घडतो तो दिग्दर्शक या व्याख्येबाहेर राहतो. ही त्रुटी आता संसदेने दूर केली पाहिजे. तोवर निदान एवढे व्हावे की बदललेल्या प्रतीच्या सुरुवातीलाच, तिकीट काढतानाही दिसेल अशा ठिकाणी, काय बदलले आणि कुणाच्या संमतीने बदलले हे स्पष्ट लिहिले जावे.

मी ९ वर्षे अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत मराठी व हिंदी डबिंग करते. अलीकडे एका कामाच्या करारात ‘ध्वनिमुद्रणाचा वापर सध्या ज्ञात व भविष्यात विकसित होणाऱ्या कोणत्याही तंत्रासाठी कायमस्वरूपी करता येईल’ असे वाक्य आहे. समन्वयक म्हणतात, सगळेच सही करतात. मी काय करावे? (एक वाचक, जोगेश्वरी)

ते वाक्य आहे तसे ठेवून सही करू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. जानेवारी २०२३ मध्येच मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी अवघ्या ३ सेकंदांच्या नमुन्यावरून आवाजाची नक्कल करणारी प्रणाली मांडली होती. तुम्ही तर एका मालिकेसाठी तासन् तास स्वच्छ, संगीतविरहित, भावनांच्या सर्व छटांचे ध्वनिमुद्रण देता. त्या ध्वनिमुद्रणावर प्रणाली एकदा शिकली की त्यातून तुमचा आवाज वेगळा काढून घेणे जवळजवळ अशक्य असते.

कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८ ‘अ’ आणि ३८ ‘ब’ मध्ये प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क आहेत: नाव दिले जाण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधक विकृतीकरण रोखण्याचा. पण चित्रपटात आपला प्रयोग, म्हणजे अभिनय किंवा आवाज, समाविष्ट करायला लेखी संमती दिली की, करारात वेगळे काही ठरले नसेल तर, निर्मात्याच्या वापरावर कलावंताला हरकत घेता येत नाही. म्हणजे करारात काय लिहिले आहे यावरच सारे अवलंबून आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांविरुद्ध अंतरिम आदेश दिला आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तसाच दिलासा मिळाला. हे आदेश महत्त्वाचे आहेत. तथापि ते ज्यांचा आवाज घराघरांत ओळखला जातो अशा कलावंतांसाठी आले. पडद्यामागे राहणाऱ्या कलावंताला न्यायालयात जाऊन ओळख सिद्ध करणे फार जड जाईल, म्हणून तुमचे संरक्षण कागदावरच व्हायला हवे.

त्या वाक्याऐवजी ध्वनिमुद्रणाचा वापर केवळ या शीर्षकासाठी, या भाषेसाठी असे लिहून घ्यावे, आणि यंत्रप्रशिक्षण अथवा आवाजाची कृत्रिम प्रतिकृती यांसाठी वेगळी लेखी संमती व वेगळे मानधन लागेल असे एक वाक्य जोडावे. हॉलिवूडच्या अभिनेत्यांनी २०२३ मध्ये ११८ दिवस संप केला, त्यातील प्रमुख मागण्यांपैकी एक हीच होती, आणि डिजिटल प्रतिकृतीसाठी संमती व मोबदला ही तत्त्वे त्यांच्या करारात आली. एकट्याने मागितले तर काम जाण्याची भीती वाटते हे मी जाणतो, म्हणूनच बरोबरीच्या आठ-दहा जणांनी एकच मसुदा घेऊन जावे आणि सहीपूर्वी तो वकिलाला दाखवावा.

एका ॲपवर पैसे भरून ‘विकत’ घेतलेला चित्रपट यादीतून गायब झाला. हे कसे चालते? (एक वाचक, विलेपार्ले)

आपण चित्रपट विकत घेतलेला नसतो, तो पाहण्याचा परवाना घेतलेला असतो, आणि ॲपचा हक्कधारकाशी असलेला करार संपला की परवानाही अडचणीत येऊ शकतो. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून, असा व्यवहार परवान्याचा असल्याचे ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरण्यास मनाई केली आहे. आपल्याकडेही असा नियम हवा. जे चित्रपट कायम जवळ असावेत असे वाटते, त्यांची ब्लू-रे किंवा डीव्हीडी मिळत असेल तर ती घेऊन ठेवावी.

माझे वडील गिरगावातल्या गणेशोत्सवात नाट्यपदे गात. त्यांच्या ११ कॅसेट आहेत, काहींवर पांढरे डाग आले आहेत. मुलगा म्हणतो, एआयने आजोबांच्या आवाजात नवी पदे करू. आईला ते आवडेल की त्रास होईल, समजत नाही. (एक वाचक, गिरगाव)

जानेवारी २०२४ मध्ये ए. आर. रहमान यांनी ‘लाल सलाम’ या तमिळ चित्रपटातील एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एआयने पुन्हा घडवले, कुटुंबीयांची परवानगी घेतली, मानधन दिले आणि ते जाहीरही केले. तुमच्या घरात परवानगी देणाऱ्या तुमच्या आई आहेत. त्यांना आधी तयार गाणे ऐकवून मग विचारू नका. आधी विचारा आणि त्यांनी नाही म्हटले तर तेथेच थांबा. नाट्यपदाबाबत माझा आणखी एक आक्षेप आहे. तान कुठे घ्यायची आणि समेवर कसे यायचे, हे गवई त्या क्षणी ठरवतो. तुमच्या वडिलांचे ते ठरवणे यंत्राला ठाऊक नाही.

कॅसेटची निकड मात्र मोठी आहे. पांढरे डाग ही बहुधा बुरशी असते. ती कॅसेट टेप डेकमध्ये घातली तर बुरशी हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, आणि तेथून इतर कॅसेटवर जाते, म्हणून डागाळलेल्या कॅसेट वेगळ्या करून जाणत्या तंत्रज्ञाकडे द्याव्यात. स्वच्छ असलेल्या कॅसेट घरी उतरवता येतील. डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे, ध्वनिमुद्रण डॉल्बीविना, म्हणजे खरखर दाबणाऱ्या सोयीविना, झाले असेल तर डेकचे डॉल्बीचे बटण बंद ठेवावे आणि २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये उतरवावे. ६० मिनिटांच्या कॅसेटला साधारण २ जीबी जागा लागते, म्हणजे तुमचा सारा संग्रह साध्या पेनड्राइव्हवर मावेल. तरी दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. मुलाच्या उत्साहाला येथे उत्तम काम आहे: खरखर कमी करणारी एआय साधने त्याने जरूर वापरावीत, पण दुसऱ्या प्रतीवर. पहिल्या फाइलमधली खरखर, मंडपातली कुजबुज, मध्येच आलेली दाद, काहीही काढू नये.

आणि कॅसेट उतरवण्याआधी आईंना शेजारी बसवून प्रत्येक कॅसेटच्या कव्हरवरचे वर्ष, पेटीवर आणि तबल्यावर कोण होते, मंडप कोणत्या वाडीचा होता, हे विचारून लिहून घ्यावे. ते त्या फितीत कुठेच मुद्रित झालेले नाही.