दिवाणातले 61 टी-शर्ट

“मॅडम, ऑर्डरी येतात, पण हातात काही उरत नाही. माझ्यातच काही कमी आहे का?”

घरून प्रिंट ऑन डिमांडचा, म्हणजे ऑर्डर आल्यावरच छापून विकण्याचा, व्यवसाय करणारी तरुण मुलं माझ्याकडे येतात, तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न निघतोच. मी समुपदेशक होण्याआधी नऊ वर्षं बँकेत छोट्या उद्योगांची कर्जप्रकरणं पाहिली. त्यामुळे या प्रश्नाचे मी आधी दोन तुकडे करते. पैसे का उरत नाहीत, हा हिशेबाचा प्रश्न. माझ्यात कमी आहे का, हा निराळा. दोन्ही एकत्र कालवले की माणूस वही उघडायलासुद्धा घाबरतो.

जिच्याविषयी लिहितेय ती सांगलीकडची, 26 वर्षांची, जी.डी. आर्ट झालेली. तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. आईसोबत आली होती. मराठी ओळी स्वतःच्या अक्षरात काढायची आणि टी-शर्टवर विकायची. ऑर्डर आली की फाइल दुसऱ्या राज्यातल्या छपाई करणाऱ्याकडे जायची, तो छापून थेट ग्राहकाला पाठवायचा. “माल भरायचा नाही, म्हणून तोटा नाही, असं वाटलं होतं,” ती म्हणाली.

आई इतका वेळ गप्प होती. म्हणाली, “माल नाही कसा? दिवाण उघडत नाही आमचा.”

दिवाणात परत आलेले टी-शर्ट होते. तिने ते कधी मोजले नव्हते. प्रत्येक परत आलेलं पाकीट म्हणजे कोणीतरी ‘तुझं काम आवडलं नाही’ म्हटलंय, असं तिला वाटायचं. ती पाकीट न फोडता आत टाकायची. रात्री तीन-तीनदा उठून फोन बघायची. वडील म्हणत होते, नोकरी धर.

पहिल्या आठवड्याला मी एकच काम दिलं. सगळी पाकिटं फोडायची आणि परत येण्याच्या कारणाप्रमाणे ढीग करायचे. मनाची समजूत घालण्याआधी हे करून घेते, कारण भीती वाटते त्या गोष्टीला हात लागल्याशिवाय नुसत्या बोलण्याने फारसं हलत नाही. टी-शर्ट निघाले 61. त्यातले 38 ग्राहकाने दारात घेतलेच नव्हते, किंवा कुरिअरवाल्याचा फोन उचलला नव्हता. 14 मापात बसले नाहीत. 9 जणांनी रंग किंवा छपाईबद्दल तक्रार केली होती. डिझाइन आवडलं नाही असं लिहिणारं एकही नव्हतं. तो कागद ती बराच वेळ बघत बसली.

मग हिशेबाला बसलो. विक्री 499 रुपये. कोरा टी-शर्ट आणि छपाई मिळून 290, कुरिअर 70, कॅश ऑन डिलिव्हरीचा आकार 35. उरले 104. ऑर्डर मिळवायला जाहिरातीवर सरासरी 75 जात होते. म्हणजे हातात 29. परत आलेल्या प्रत्येक नगावर मात्र 290, जायचे 70, यायचे 60 आणि जाहिरातीचे 75 असे 495 बुडत होते. तिच्या कॅश ऑन डिलिव्हरीच्या दहापैकी साधारण तीन ऑर्डरी परत येत. सात टी-शर्टचे मिळाले 203, तिघांचे गेले 1485. दहा ऑर्डरींमागे 1282 रुपयांचा खड्डा, आणि ऑर्डरी वाढल्या की खड्डाही वाढणार. विक्री वाढतेय म्हणून ती जाहिरात वाढवत होती. ही चूक मी इतक्या जणांची पाहिली आहे की आता दुकानाचं नाव विचारायच्या आधी परत येणाऱ्या मालाचं प्रमाण विचारते.

माप आणि रंगाच्या तक्रारींचं मूळ एकच होतं: तिने स्वतःचा माल स्वतःसाठी कधी मागवलाच नव्हता. छपाईवाल्याने कोऱ्या टी-शर्टचा पुरवठादार बदलला, तिच्याकडचा मापाचा तक्ता जुनाच राहिला. पडद्यावर झगझगणारा पोपटी सुती कापडावर मळकट उतरतो, हे तिला ग्राहकाच्या फोटोतून कळलं. नमुन्याचे चार-पाचशे रुपये वाचवायला जाऊ नये. मागवावा, छातीची रुंदी आणि उंची फूटपट्टीने मोजावी, पाच-सहा वेळा धुवून पाहावा, आणि मगच विकायला काढावा.

तिसऱ्या भेटीत खरं दुखणं बाहेर आलं. बंगळूरमधल्या एका कंपनीतल्या मराठी लोकांनी 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनासाठी, 24 टी-शर्ट मागवले होते. ओळ होती ‘आम्ही मऱ्हाटमोळे’. पाकीट पोचलं 26 तारखेला संध्याकाळी. ‘म्ही’ फुटून पाय मोडका ‘म’ आणि शेजारी सुटा ‘ही’ झालेला. ‘ऱ्ह’च्या जागी खाली टिंब असलेला ‘ऱ’ एकटाच उभा. गटासाठी ही एकच ओळ तिने हाताने न काढता टाइप केली होती आणि अक्षरं कर्व्हमध्ये न करता, म्हणजे त्यांचं चित्रात रूपांतर न करता, फाइल तशीच पाठवली होती. छपाईच्या ठिकाणी देवनागरी वाचणारं कोणी नव्हतं. आपल्या जोडाक्षरांचा हा धोका रोमन लिपीत काम करणाऱ्याला कळणारही नाही. अक्षरं आधी कर्व्ह करावीत, आणि छापण्याआधी प्रूफचा फोटो मागून तो मराठी येणाऱ्या माणसाने वाचावा.

पण मला काळजी दुसरीच होती. त्या ग्राहकाचे फोन तिने नऊ दिवस उचलले नव्हते. “काय बोलू? त्यांचा सगळा दिवस माझ्यामुळे फुकट गेला.”

2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांनुसार सदोष माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, हे मी तिला सांगितलं. पण त्याने फोन करण्याचं धैर्य येत नसतं. माझ्याच खोलीत बसून आम्ही चार ओळी लिहिल्या. चूक कोणती, कशामुळे झाली, पैसे कधी मिळतील. कारणांची लांबण नाही, रडणं नाही. मग तिने माझ्यासमोर फोन लावला. पहिली दोन मिनिटं समोरचे गृहस्थ चिडून बोलले, तिने ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, “प्रूफ आम्हीही मागायला हवं होतं.” 10,800 रुपये तिने दोन हप्त्यांत परत केले. फोन ठेवल्यावर म्हणाली, “मॅडम, मला वाटलं होतं यापेक्षा वाईट होईल.”

बाकीचं भराभर झालं. परराज्यात माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, तिची नव्हती, सीएकडे पाठवलं. सिनेमातल्या संवादांचे दोन टी-शर्ट तिचे सर्वांत खपणारे होते. ते विक्रीतून काढून टाकायला ती तयार नव्हती, “अक्षर तर माझंच आहे ना?” अक्षर तिचं, शब्द दुसऱ्याचे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो. जुन्या संतांच्या ओळी त्यातून मोकळ्या आहेत, तरी दुसऱ्याने काढलेलं त्यांचं सुलेखन मोकळं नसतं. दोन्ही टी-शर्ट तिने नाखुशीने काढून टाकले.

140 डिझाइन्सची 12 झाली. कॅश ऑन डिलिव्हरीला 100 रुपये आगाऊ आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पत्त्याची खात्री, असा नियम केला. पहिल्या महिन्यात ऑर्डरी निम्म्यावर आल्या. ती रडत फोनवर होती आणि त्या दिवशी मलाही वाटलं, सल्ला चुकला की काय. महिनाअखेर तिने वही पाठवली. 4,300 रुपये उरले होते. पहिल्यांदाच. नोकरीचं वडिलांचं म्हणणंही मी खोडून काढलं नाही. अर्धवेळ काम धरून वर्षभर हे चालवायचं, असं घरात ठरलं.

शेवटची भेट फेब्रुवारीत झाली. बोलता बोलता तिचा फोन वाजला. कोणाला तरी 27 तारखेसाठी 30 टी-शर्ट हवे होते. त्या दिवशी 19 तारीख होती.

“नाही सर, वेळेत पोचणार नाहीत. 10 तारखेला मी त्यासाठीच्या ऑर्डरी बंद केल्या. महाराष्ट्र दिनाला हवे असतील तर आत्ता सांगा, आधी नमुना पाठवते.”

फोन पर्समध्ये टाकून तिने नवीन काढलेला ‘ळ’ माझ्यापुढे सरकवला. “याचं पोट जास्त मोठं झालंय का?”