चित्रशंका : शाईतला काठ, शाईतलं पाणी

प्रश्न : चोडणच्या बाजूचा खारफुटीचा काठ आणि बांधावरचे माड मी फक्त काळ्या शाईत रंगवते. काठ जमतो, पण प्रतिबिंब वरून चिकटवल्यासारखं वाटतं आणि रेघा मारल्या की पाणी गढूळ होतं. काय चुकतं? – एक वाचक, रायबंदर

उत्तर : प्रतिबिंब बहुधा माडापाशी फसतं. डावीकडे कललेल्या माडाचं प्रतिबिंबही डावीकडेच कलतं. हात मात्र ते उजवीकडे वळवतो. शेंड्यावरून ओळंबा सोडल्यासारखी सरळ रेघ खाली आणा. पाण्यातला शेंडा त्याच रेघेवर आला पाहिजे. माप पाण्याच्या पातळीपासून घ्यायचं, बुंध्यापासून नाही. चित्रात बांध २ सेंमी आणि त्याच्या कडेवरचा माड ८ सेंमी असेल, तर पाण्यात आधी २ सेंमी बांध, मग माड. माड कडेपासून आत असला तर प्रतिबिंबात त्याचा बुंधा बांधाआड जातो. हे पेन्सिलीने नीट बसेपर्यंत शाईची बाटली उघडूच नका.

शाई वॉटरप्रूफ घ्या. तीन वाट्यांत प्रत्येकी ५ मिली पाणी आणि अनुक्रमे १, ३ व ८ थेंब शाई. चौथीत नुसती शाई. वाळल्यावर छटा फिकी होते, म्हणून आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघा. पाण्यात काळ्या गोष्टी एक पायरी उजळ आणि पांढऱ्या एक पायरी मळकट धरा. खारफुटी चौथ्या छटेत असेल तर तिचं प्रतिबिंब तिसऱ्या. दोन्ही सारखीच काळी केलीत तर काठ आणि पाणी एकच गठ्ठा होतो.

आधी पाण्यावर पहिली छटा सपाट फिरवा. तिची चकाकी गेली, पण कागद हाताला गार लागतोय, तेवढ्यात तिसऱ्या छटेने प्रतिबिंब वरून खाली ओढा. लगेच जेमतेम ओल्या चपट्या ब्रशने एकदाच आडवा हात फिरवा. पुन्हापुन्हा फिरवलात तर चिखल झालाच. ही शाई वाळली की उचलता येत नाही, त्यामुळे उजेडाच्या चिरा सुरुवातीलाच कोऱ्या सोडा. ब्रश साधा वापरा आणि लगेच धुवा. वाळलेली शाई केस जखडते.

रेघा पूर्ण वाळल्यावरच. पानांना आखूड, दिशा बदलणाऱ्या, मुळांना कमानदार. पाण्यात मात्र फक्त आडव्या, तुटक, आणि त्याही उजेड-अंधाराच्या शिवेवर. लांबच्या बारीक आणि जवळजवळ, पुढच्या लांब आणि विरळ. एक रेघ तिरकी गेली की पाणी उतारावर आलं! काठाच्या चौथा हिस्सा रेघा पाण्याला पुष्कळ होतात. तुमचं पाणी गढूळ होतं ते बहुतेक काठाचंच पोत तिथे उतरल्यामुळे. ओहोटी रंगवायची की भरती, तेही आधी ठरवा. भरतीला मुळं बुडतात, मग त्यांच्या कमानी काढायच्या नाहीत.

प्रश्न : पावसाळ्यात ३०० जीएसएमच्या जाड कागदावरही वॉशमध्ये, म्हणजे पातळ शाईच्या थरात, गडद ठिपके उठतात. का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : दमट हवेत कागदाचं सायझिंग, म्हणजे शाई आत झिरपू न देणारी खळ, जागोजागी मरतं आणि तिथे कागद शाई पिऊन टाकतो. कोपऱ्यात पाण्याचा थेंब ठेवा. तो लगेच आत गेला तर त्या कागदावर वॉश नको, पेनही पसरेल, कोळशाला चालेल. नवा कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकमध्ये बंद ठेवा, भिंतीला टेकवून नको.