मॉन्टेरे : धुक्यावर पोसलेली काउंटी

प्रश्न : मुलीकडे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला गेलो असताना आम्ही मॉन्टेरेला जाऊन आलो. ऐन जुलैत स्वेटर घालावे लागले. परतताना सलिनासच्या बाजूला कोबीसारख्या भाजीची अफाट शेते आणि त्यांत वाकून राबणारे मजूर दिसले. पर्यटकांचे ते श्रीमंत गाव आणि ही शेते एकाच काउंटीत कशी? काउंटी म्हणजे आपला जिल्हाच का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जिल्हा म्हणायला हरकत नाही, मात्र तिथे कलेक्टर नसतो. मतदारांनी निवडलेले पाच जणांचे मंडळ कारभार पाहते आणि पोलिसप्रमुख असलेला शेरीफही निवडूनच येतो. २०२०च्या जनगणनेनुसार या काउंटीची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३९ हजार आहे आणि मुख्यालय मॉन्टेरे नसून सलिनास आहे.

आपण घातलेला स्वेटर आणि आपल्याला दिसलेली भाजी यांचे मूळ एकच आहे. मॉन्टेरेच्या उपसागरात, मॉस लँडिंगच्या बंदराला जवळजवळ लागूनच, एक प्रचंड सागरी दरी सुरू होते आणि ती पुढे साडेतीन हजार मीटरहून अधिक खोल जाते. वसंत-उन्हाळ्यात वायव्येच्या वाऱ्यांनी किनाऱ्यालगतचे पाणी बाहेर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यामुळे मासळी मुबलक होते आणि हवा गारठून धुके धरते. दक्षिणेकडे सांता लुसियाचे डोंगर थेट समुद्रात उतरत असल्याने तिथे हे धुके अडते. सलिनास नदीचे खोरे मात्र उपसागराकडे तोंड करून आहे. दुपारी खोऱ्याचा आतला भाग तापला की समुद्रावरची गार हवा त्यात ओढली जाते. लेट्यूस, म्हणजे आपण कोबी समजलात ती भाजी, उष्णतेत लगेच फुलोऱ्यावर येऊन कडू होते. इथे ती भर उन्हाळ्यातही कोवळी राहते. स्ट्रॉबेरीलाही हीच हवा मानवते. काउंटीचे शेती उत्पादन आज वर्षाला चार अब्ज डॉलरच्या वर आहे.

मासळीची कथा मात्र लवकर आटोपली. आपल्याकडे जिला तारली म्हणतात, तिच्या जातकुळीतली सार्डिन इथे डबाबंद होत असे. पण डब्यांपेक्षा ती दळून खत आणि कोंबडीखाद्य करण्यात नफा अधिक, म्हणून बेसुमार उपसा झाला. त्यात समुद्राचे तापमानही बदलले आणि १९५०च्या सुमारास धंदा बसला. एका जुन्या कारखान्याच्या जागी १९८४पासून मत्स्यालय आहे. आपण तिकीट काढून मासे पाहिले असतील, तर ते बहुधा तिथेच.

शेतात दिसलेले मजूर प्रामुख्याने मेक्सिकन वंशाचे. त्यांच्याआधी चिनी, जपानी, फिलिपिनो मजूर याच सऱ्यांतून राबले. कंबरेत वाकून सुरीच्या एका घावात गड्डा कापायचा, बाहेरची पाने झाडायची आणि जागच्या जागी खोक्यात भरायचा, असे हे काम. १९७०मध्ये शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनी इथे मोठा संप घडवला आणि डिसेंबरमध्ये सलिनासच्याच तुरुंगात काही दिवस काढले. १९७५मध्ये कॅलिफोर्नियात शेतमजुरांच्या संघटनेच्या हक्काचा कायदा झाला. तरीही किनाऱ्यावरच्या गावांतली घरे या मजुरांच्या आवाक्यात कधी आली नाहीत. एका खोलीत एकेक कुटुंब, अशी दाटी सलिनासमध्ये असते. नोव्हेंबरात लेट्यूसचा हंगाम ॲरिझोनातल्या युमाकडे सरकतो आणि अनेक मजूरही त्याच्यामागे जातात. आपल्या ऊसतोडीच्या टोळ्यांची आठवण व्हावी, असा हा प्रकार.

रत्नागिरीकरांना पटेल अशी एक अडचण पाण्याची. विहिरींतून वर्षानुवर्षे उपसा झाल्याने समुद्राचे खारे पाणी भूगर्भात आत सरकत आले आहे. म्हणून १९९८पासून याच काउंटीतल्या कॅस्ट्रोव्हिलच्या परिसरातल्या शेतांना शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते. आर्टिचोकचे, म्हणजे जिची कळी खातात त्या भाजीचे, पीक घेणारा हाच तो भाग.