माझ्या पहिल्या कादंबरीचे चित्रपट हक्क निर्माता कायमचे मागतोय. देऊ का?

या पत्रावर तरी सही करू नका.

तुम्ही म्हणता, कादंबरी येऊन वर्षही झालं नाही आणि मुंबईहून वेंगुर्ल्याला दोन पानी पत्र आलं: एकरकमी पैसे, बदल्यात ‘सर्व हक्क, कायमचे’. पहिल्या पुस्तकाला असं पत्र आलं की माणूस हरखतो, साहजिकच आहे. पण आपल्याकडे हापूसची बाग मोहोर बघून हंगामापुरती कराराने देतात, कलमं कोणी व्यापाऱ्याच्या नावावर करत नाही. निर्मात्याशीही तसाच व्यवहार होतो. त्याला ऑप्शन म्हणतात. ठरावीक मुदतीसाठी, समजा वर्ष-दीड वर्ष, तो थोडी रक्कम देऊन कादंबरी अडवून ठेवतो. तेवढ्यात पैसा उभा राहिला तर आधीच ठरलेली पूर्ण किंमत देऊन हक्क घेतो. नाही जमलं तर हक्क तुमचेच. माझ्या एका दीर्घकथेचं असंच झालं. चित्रपट काही निघाला नाही, मुदत संपली, ऑप्शनचे पैसे माझ्याकडेच राहिले.

त्याआधी प्रकाशकाशी झालेला करार काढून वाचा. चित्रपटाचे हक्क त्यातच देऊन बसला नाहीत ना? करार तोंडीच असेल (आपल्याकडे नवल नाही), तर काळजी नको. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केल्याशिवाय हक्कांचं हस्तांतर होत नाही.

हेच कलम पुढेही उपयोगी आहे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नसल्यास ते परत येतात. निर्मात्यांच्या मसुद्यात ‘कलम १९(४) लागू राहणार नाही’ असं एक वाक्य हमखास सापडतं, ते याचसाठी. तुमच्या पत्रात शोधा. ते काढायला लावा, नाहीतर ‘अमुक तारखेपर्यंत चित्रीकरण सुरू झालं नाही तर हक्क परत’ असं स्पष्ट लिहून घ्या.

पूर्ण किंमत चित्रीकरणाच्या पहिल्या दिवसापर्यंत हातात पडेल असं ठरवा. नफ्यातल्या टक्क्यावर भिस्त नको, हिशेबात नफा उरतोच कुठे! एका चित्रपटापुरतेच हक्क द्या. वेब मालिका, दुसरा भाग, रिमेक यांचे पैसे वेगळे. नाट्यहक्क तर अजिबात सोडू नका, उद्या गावातल्या मंडळाला जत्रेत प्रयोग करायचा झाला तर मुंबईची परवानगी कोण काढणार? श्रेयनामावलीत ‘यांच्या कादंबरीवर आधारित’ ही ओळही करारातच हवी.

मालवणी संवादांची नुसती टिंगल होईल, ही तुमची भीती खरी आहे. पटकथेवर अंतिम शब्द नव्या लेखकाला कोणी देत नाही. पण वाचायला मिळावी आणि मत मांडता यावं, एवढं मागा. शिवाय कलम ५७ आहेच. मन्नू भंडारी यांनी आपल्या कादंबरीवरच्या चित्रपटाबद्दल दावा लावला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली म्हटलं की हक्क विकले तरी विपर्यासाविरुद्ध दाद मागण्याचा लेखकाचा अधिकार उरतो. अर्थात कोर्टात जाण्यापेक्षा आधी लिहून घेणं स्वस्त.

मसुदा कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाकडूनच तपासून घ्या. जमिनीचे दावे चालवणारे आपले वकील हुशार असतात, पण हा प्रांत वेगळा. तोवर निर्मात्याला व्हॉट्सॲपवर ‘चालेल’ असं लिहू नका. ऑप्शनचा मसुदा पाठवा म्हणावं.