लॉनमधल्या मोकळ्या जागांवर गवताचे बी आणि तण उगवू न देणारे औषध एकाच वेळी टाकले तर चालेल का?

नाही. पेंडीमेथॅलीनसारखे उगवणपूर्व तणनाशक मातीच्या वरच्या थरात बसते आणि अंकुर फुटला की त्याचे मूळ खुंटवते. ते बी तणाचे की तुमच्या गवताचे, हा भेद त्याला नसतो. एकदा फवारले की साधारण दोन ते चार महिने पेरणी विसरा. नेमका काळ डब्यावरच्या लेबलात असतो.

म्हणून आधी मोकळ्या जागा भरा. तण तिथेच उगवते, कारण मातीवर थेट ऊन पडते.

पण गवत का गेले ते पाहिल्याशिवाय बी टाकू नका. ओल्या मातीतही स्क्रूड्रायव्हर सहज शिरत नसेल तर जमीन दबली आहे. कडेचे गवत ओढल्यावर सतरंजीसारखे उचलून येत असेल तर खाली हुमणी (भुंगेऱ्याची अळी) मुळे खाते आहे. दाट सावलीत हराळी (बर्म्युडा गवत) टिकतच नाही, कितीही पेरा.

हराळीसाठी माती वीस अंश सेल्सियसच्या वर तापलेली हवी. मेलेले गवत दाताळ्याने ओरबाडून काढा, वरची दोन-तीन सेंटिमीटर माती मोकळी करा. त्याहून खोल खणू नका, नाहीतर खाली झोपलेले तणाचे बी उजेडात येते. चौरस मीटरला 5 ते 10 ग्रॅम बी पुरते. फेस्क्यू किंवा रायग्रास या थंड हवेतल्या गवतांना 30 ग्रॅमच्या आसपास लागते. बी बारीक वाळूत मिसळून उभे-आडवे फेका, म्हणजे सारखे पडते. वरून जेमतेम 3-5 मिलिमीटर चाळलेले कंपोस्ट टाकून पायाने दाबा. कच्चे शेणखत अजिबात नको, त्यातून तणच पेरले जाते.

मग पाणी. बहुतेकांचे इथेच फसते. अंकुर फुटलेले बी एकदा सुकले की मेले, आणि पाइपाने जोरात मारले तर सगळे बी एका कोपऱ्यात वाहून जाते. बारीक झारीने दिवसातून दोन-तीनदा, फक्त वरचा थर ओला राहील इतकेच. एक-दोन आठवड्यांत कोंब दिसले की पाण्याच्या पाळ्या कमी करून प्रत्येक पाळी खोल द्या.

या काळात उगवलेले तण हातानेच उपटा. रुंद पानांच्या तणांवरचे औषध तीन-चार कापण्यांनंतर. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या भागाहून जास्त कापू नका. उगवणपूर्व औषध पुढच्या हंगामात, तण उगवायच्या आधी मारा आणि लगेच हलके पाणी द्या.

तुमचे लॉन संकरित बर्म्युडाचे असेल तर पेरणीचा प्रश्नच नाही. अनेक संकरित वाण वांझ असतात. चांगल्या भागातल्या मुळांसकट चकत्या काढून एकमेकींपासून 15 सेंटिमीटरवर लावा.

आणि लव्हाळा (जमिनीत गाठी धरणारे गवतासारखे तण) असेल तर वरचे निम्मे गणित चुकते. तो मुख्यतः जमिनीतल्या गाठींपासून येतो, त्यामुळे पेंडीमेथॅलीनने हटत नाही आणि उपटला तरी गाठी खालीच राहतात. जम बसलेल्या हराळीत हॅलोसल्फ्युरॉन हे लव्हाळ्यावरचे तणनाशक चालते, पण एका फवारणीत काम होत नाही.